मोरीवाले काका

आमच्या घरमालकांना कुणी वेळ विचारली, की ते भरती-ओहोटी सांगत. आणि हे बऱ्हाणपुरात, जिथं मीठ सोडलं तर समुद्राची आठवण व्हायचं कुणाला काही कारण नव्हतं. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून काका ओट्यावर उभे राहत, बोटांच्या पेरांवर तिथी मोजत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "आज जेवणाच्या सुमाराला पाणी चढेल." हे पाणी तापीचं नव्हे. पार तिकडे कोकणातल्या त्यांच्या बंदरातलं. तिथली नोकरी संपली होती, पण तिथल्या पाण्याचा हिशेब त्यांनी सोडला नव्हता.

ओहोटी लागली की ते नवं काम हातात घेत नसत. न्हावी दारात आला आणि तिकडे बंदरात पाणी उतरत असलं, तर त्याला परत पाठवत. "आता नको, भरतीला ये." न्हावी बिचारा असा बऱ्याचदा परत गेला. शेवटी एकदा माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "बाबूजी, ये भरती कौन है? इनके घर में तो एक ही बाई दिखती है." हे घरी येऊन सांगताना यांची हसता हसता पुरेवाट झाली. तेव्हापासून आम्ही दोघं आपसात काकूंना भरतीच म्हणू लागलो.

मी लग्न होऊन बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आले ती काकांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत. नवरा कापसाच्या जिनात कारकून. माहेर माझं जवळच, जसोंडीला; पण आई मी लहान असताना गेली आणि वडलांच्या दुसऱ्या संसारात मला फारशी जागा नव्हती. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, तेव्हा घरोघरी असं असायचं. पुढचं नीट कळावं म्हणून सांगितलं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. घर काकूंच्या माहेरचं. भाऊ निपुत्रिक वारला म्हणून ते बहिणीकडे आलं, आणि काका पेन्शन घेऊन म्हातारपणी घरजावई झाले. असं ते स्वतःच चारचौघांत सांगत, आणि काकू पदराआड तोंड लपवत.

त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. सगळं गाव त्यांना मोरीवाले म्हणे. त्याची गोष्ट अशी. काका सरकारच्या मिठाच्या खात्यात होते. कोकणच्या बंदरांवर मासे खारवायची आवारं असत. कोळ्यांनी मासे आणायचे, आणि काकांनी ते तोलून बघून त्या मानानं मीठ द्यायचं. काका स्वतः शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. पण ज्या माणसानं जन्मात माशाचा घास घेतला नाही, त्याला माशांशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यातही मोरी. मोरी म्हणजे आपल्याकडची न्हाणीची नव्हे. तिकडे मुशीला मोरी म्हणतात, ती दातेरी, पाठीवर उभा पर असलेली समुद्रातली शिकारी मासळी. ही फोड मी आज करते आहे. गावात नवे आले तेव्हा काकांनी ती केली नाही. म्युनिसिपालटीच्या कुणी पुढाऱ्यानं विचारलं, नोकरीत काय काम असायचं, तर काका म्हणाले, "उभा जन्म मोऱ्या मोजण्यात गेला."

सरकारी खात्यातला, मोऱ्यांचा अनुभवी माणूस आयता गावात आला म्हटल्यावर म्युनिसिपालटीनं त्यांना सन्मानानं बोलावून घेतलं. पुढचं संभाषण काका स्वतः दोन्ही आवाज काढून दाखवत.

"आमच्याकडे मोऱ्या फार माजल्यात, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

"तापीत?" काका खुर्चीतून उठलेच.

"जातात तापीतच शेवटी. पण जास्त त्रास सिंधीपुऱ्यात."

"तिथं पाणी कुठं आहे?"

"तेच तर. पाण्याला वाट नाही, म्हणून तुंबून राहतात. वास तर असा मारतो की उभं राहवत नाही."

"मारणारच. मीठ लावलं होतं का?"

अध्यक्षांनी शेजारच्या सभासदाकडे पाहिलं. कोकणात मोरीला मीठ लावायची पद्धत असेल, असं समजून दोघांनी मान डोलावली.

"केवढ्या आहेत?" काकांनी विचारलं.

"काही हातभर, काही चांगल्या दोन-दोन हात."

"पोट फाडून बघितलंत कधी?"

"मागच्या साली एक फोडली. आतून नुसता चिखल निघाला, आणि एक मेलेली घूस."

"मोरी घूस खात नाही," काका ठामपणे म्हणाले, आणि तेव्हा कुठं दोन्ही बाजूंना काहीतरी चुकतंय अशी शंका आली.

दुसरा कुणी असता तर लाजून घरी बसला असता. काका घरी येऊन इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि दुसऱ्या दिवशी धोतर खोचून खरोखरच गटारं बघायला निघाले. म्हणाले, "पाणी ते पाणी. कुठून येतं आणि कुठं जातं एवढंच बघायचं." मोरी कमिटीवर त्यांना घेतलं ते घेतलंच. रंगाऱ्यांच्या हौदांचं निळं-लाल पाणी राजघाटाच्या वर नदीत पडत होतं, ते त्यांनी पुष्कळ भांडून घाटाच्या खाली वळवलं. घाटाची देखभालही त्या कमिटीकडेच होती. ही गोष्ट पुढं कामाला आली.

पण त्यांचं मन काही गटारांत नव्हतं. ते रोज मासळी बाजारात जात. गंध लावलेला, शेंडी राखलेला ब्राह्मण भोयांच्या पाट्यांसमोर उकिडवा बसे, माशाचे कल्ले उघडून बघे, पोट दाबून बघे, आणि काही न घेता उठून पुढच्या पाटीकडे जाई. मग घरी येऊन डोक्यावरून आंघोळ. बाजारात एक म्हातारी भोईण होती, तिला सगळे माय म्हणत. भोईवाडा तिच्या शब्दाबाहेर नसे. नवरा नदीतच गेलेला, मुलगा जाळं टाकी, ही विकी. पहिल्या दिवशी तिनं काकांचा हात धरून बाजूला केला.

"घ्यायचा नाही त हात कायले लावता, साब? तुमी त बामण."

"पोट बघतोय गो. अंडी आहेत का."

"माशाचं पोट पायता. आमचं पाह्यलं का कधी?"

घरी येऊन काका काकूंना म्हणाले, "बाई खरं बोलते." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच पाटीसमोर जाऊन बसले. हळूहळू तिलाही त्यांची सवय झाली. एखादी वाम किंवा मरळ वेगळी काढून ठेवी, आणि काका आले की म्हणे, "घ्या, दाबा."

संध्याकाळी ओट्यावर ते मला मोऱ्यांचं सांगत. मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसे, आणि ते आढ्याकडे बघत बोलत. इतर मासळी लाखांनी अंडी टाकते, म्हणत, पण मोरी तशी नाही. ती पिल्लं घालते. महिनोन्महिने पोटात वागवते, आपल्या बायकांसारखी, आणि घालते तीही मोजकीच. पिल्लं घालायला ती खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात येते. हे कोळ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक. त्याच दिवसांत ते तिथं जाळी लावत. मोरीचं मटण बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, तेल काढतात, पर वाळवून लांब कुठं कुठं पाठवतात. मागणी पुष्कळ. काका नोकरीला लागले तेव्हा माणसाएवढ्या मोऱ्या आवारात येत. मग कमरेएवढ्या यायला लागल्या. मग हातभर. आणि पुढं पोटं फाडली की आत पिल्लं निघू लागली, जिवंत, तडफडणारी.

"मी सांगायचो त्यांना," काका म्हणत. "पोटुशी आली तर सोडा. जाळ्याची घरं मोठी ठेवा, बारकी निसटू देत. ते म्हणायचे, होय साहेब. कधी कुणी नाही म्हटलं नाही गो. होय साहेब म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन यायचे. आणि मी मीठ द्यायचो. मीठ नाही दिलं तर कुजणार. मग एका वर्षी खाडीच्या तोंडाशी जाळी लागली आणि त्यात मोरीच नव्हती."

मला तेव्हा यातलं फार कळत नसे. मोरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं न्हाणीच येई. पण म्हाताऱ्या माणसाचा आवाज असा खाली गेला की वाईट वाटायचं, म्हणून मी तांदूळ निवडून झाले तरी सूप हलवत बसून राहायची.

आता तापीकडे येते. आषाढातल्या सप्तमीला तापीमाईचा जन्मदिवस. त्या दिवशी गावातल्या बाया राजघाटावर जाऊन नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू पाण्यात सोडतात. त्याच दिवसांत पाणी गढूळतं आणि मासे पोटात अंडी घेऊन वर चढायला लागतात, देडतलाईकडच्या डोंगरातल्या नाल्यांकडे. घाटाच्या वर एक मोठा डोह होता आणि डोहाच्या वरच्या तोंडाशी नदी दोन खडकांमध्ये अरुंद होई. भोई तिथं आडवं जाळं लावत. चढणारा मासा दुसरीकडून जाणार कुठून? बाजारात त्या दिवसांत गाभोळीचे, म्हणजे माशांच्या अंड्यांचे, ढीग लागत आणि लोक त्यावर तुटून पडत. मीही खाल्ली आहे. आमच्या घरी मासे चालत, आणि गाभोळीची चव उत्तम असते.

काकांनी गावातल्या आपल्या पहिल्या पावसाळ्यात ते ढीग बघितले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. "तेच आहे," काकूंना म्हणाले. "खाडीचं तोंडच आहे हे." मग ते भोईवाड्यात जाऊन सांगून आले. भोयांनी त्यांना बसायला घोंगडी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हो साब. काका घरी आले ते तोंड पाडून. काकूंनी विचारलं, ऐकलं का त्यांनी? काका म्हणाले, "हो म्हणाले. म्हणजे नाही ऐकलं."

खरं म्हणजे तेव्हाच मासा कमी व्हायला लागला होता. पूर्वी डोहात माणसाच्या मांडीएवढे महाशीर फिरताना दिसत, असं म्हातारे सांगत. आता बाजारात येत ते वीतभर. भोईवाड्यातली दोन घरं जिनात हमाली करायला लागली होती. आमच्या यांच्याच हाताखाली होती. काकांच्या हे डोक्यातून जाईना. एक खाडी त्यांच्या डोळ्यांदेखत संपली होती, आणि मरायच्या आधी दुसरी संपताना बघायची नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. तसं त्यांनी मला सरळ बोलून दाखवलं होतं.

दुसऱ्या वर्षी सप्तमीला मला सातवा महिना होता. माझं पोट सांभाळत काकूंबरोबर मी घाटावर गेले. बायांची ही गर्दी. ताटं, खण, उदबत्त्या. आणि बघते तर काका गुडघाभर पाण्यात उभे. धोतर भिजलेलं, छत्री काखेत.

"बायांनो," ते मोठ्यानं म्हणाले, "ओटी कुणाची भरतात?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "सवाशिणीची."

"आणि हटकून कधी?"

"पोटुशी असते तव्हा."

"म्हणजे ही पोटुशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मग वरून तिची ओटी भरता, आणि तिच्या पोटातलं तिकडे जाळ्यानं उपसून भाजून खाता, हे कसं काय?"

मागून कुणी पुरुष म्हणाला, "मोरीवाले, तुम्ही नाल्या बघा," आणि घाटभर हशा पिकला. काका हसले नाहीत, पाण्याबाहेरही आले नाहीत. तेवढ्यात माय पुढं आली. तिच्या मागं तिची सून होती, तिलाही दिवस भरत आलेले, माझ्यापेक्षा महिनाभर पुढं.

"साब, तुमी रोज बोलता, आमी आयकतो," माय म्हणाली. "मासा कमी झाला हे आमाले नाही मालूम का? मगर जाळं नाही लावलं त तीन महिने आमच्या लेकराइनं काय रेती खावं? तुमची ओटी त पाण्यात जाते. आमच्या पदरात काय पडते?"

उत्तर दिलं ते काकूंनी. आमच्या काकू सोवळ्याच्या इतक्या कडक की माझ्या हातचं पाणीसुद्धा कधीमधी नाकारत. त्या ताट घेऊन पाण्यापर्यंत गेल्या होत्या. तिथून त्या मागं फिरल्या, मायच्या सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या, तिला कुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ सगळं तिच्या पदरात घातलं. मग म्हणाल्या, "तू तापीच्या घरचीच की." सून घाबरून सासूकडे बघायला लागली. काकूंच्या मागं आणखी एक बाई आली, मग आणखी एक. सगळ्या नाही आल्या. पुष्कळजणींनी ओटी नदीतच सोडली, काही नाकं मुरडून गेल्या. पण सुनेचा पदर भरला आणि तांदूळ सांडायला लागले.

माय मात्र काही पाघळली नाही. "आजचं झालं," ती म्हणाली. "ओटी एका दिसाची, साब. पोट रोजचं."

"मग रोज भरू," काका म्हणाले.

आणि भरली की. दसऱ्यापर्यंत एकेका दिवशी एकेका आळीनं भोईवाड्याची ओटी भरायची, असं त्यांनी ठरवलं. म्युनिसिपालटीत बोलले, घाट कमिटीच्या ताब्यात आहे, आणि तापी माहेरपणाला आलेली आहे, तिच्या घरच्यांना उपाशी ठेवणं गावाला शोभत नाही. माहेरपण हा शब्द त्यांनी असा काही गावात सोडला की बायांनी तो उचलून धरला, आणि बायांनी धरल्यावर पुरुषांचं काही चालेना. मायनं ओंजळीत पाणी घेतलं आणि दसऱ्यापर्यंत डोहाच्या तोंडाशी काय, नदीत कुठंच जाळं पडणार नाही, असं तापीला सांगितलं. घरी येताना मी म्हटलं, "काका, जमलं की." ते म्हणाले, "हो म्हणाली गो. कोकणातही हो म्हणायचे."

त्या पावसाळ्यात काकांनी गावाच्या नाकी नऊ आणले. भर पावसात छत्री घेऊन दारोदार उभे. "आज तुमच्या आळीची पाळी. भरती लागायच्या आत ज्वारी पोचली पाहिजे." लोक भरतीला शिव्या घालत पण ज्वारी काढून देत. कधी पुरेशी जमे, कधी नाही. कमी पडली की काकू आपल्या डब्यातलं काढत आणि मला म्हणत, "तुझ्याकडे काय आहे बघ." काका रोज डोहापर्यंत चालत जाऊन यायचे. जाळं दिसतं का बघायला. दिसलं नाही तरी त्यांचा विश्वास बसेना.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. कोकणात ते परत कधी गेले नाहीत. मी एकदा विचारलं होतं, समुद्राची आठवण येत नाही का? म्हणाले, "येते ना. म्हणून तर पाणी बघतो रोज." शेवटच्या आजारपणात जीभ जड झाली, तरी बोटांची पेरं हलत असायची. त्यांना घाटावर नेलं तेव्हा खांदा द्यायला भोईवाडा पुढं आला. कुणी भुवया उंचावल्या, पण काकू म्हणाल्या, "देऊ दे." डोहाची रीत त्यांच्यानंतरही टिकली, निदान माय होती तोवर तरी. जिनात हमाली करणारी दोन्ही घरं परत नदीवर गेली. आमचे हे कुरकुरत, चांगली माणसं गेली म्हणून. पुढं गावात नवे लोक आले, नवी जाळी आली. पण त्याबद्दल मला बोलायचं नाही. मला त्या पहिल्याच वर्षातलं सांगायचं आहे, कारण त्यात माझा जीव अडकला होता.

भाद्रपदात मी बाळंत झाले. मुलगी झाली. आईविना बाळंतपण म्हणून मी घाबरून होते, पण काकूंनी सगळं आईसारखं केलं. शेक, धुरी, तेल. फक्त मला दूध येईना. काकूंचा शेपू झाला, खसखस झाली, अळीव झाले, शतावरी झाली. काही उपयोग नाही. गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं दिलं, ते पोरगी ओकून टाकी. शेळीचं दिलं, तेही तसंच. बाहेर पाऊस थांबत नव्हता, नद्या-नाले फुगलेले, आजूबाजूच्या गावांशी येणंजाणं बंद. पोरगी आधी रडायची, मग नुसती कण्हायला लागली. मी तिच्या ओठांना बोट लावून बघायची, तर ती चोखायचा प्रयत्नही अर्ध्यात सोडून देई. माझा जीव टांगणीला लागला होता. आणि त्या दिवसांत काकांनी सकाळी भरती सांगायचं बंद केलं होतं.

मग एका दुपारी मला दाराबाहेरून त्यांचं बोलणं ऐकू आलं. काकूंना म्हणत होते, "ताज्या माशाचं पाणी दिलं तर दूध येतं. मी बघितलंय. कोळणींना मोरी देतात. इथं मरळ चालेल."

"मासे कुठं आहेत आता?" काकू म्हणाल्या. "बाजार बंद तुम्हीच केलात."

छत्री उघडल्याचा आवाज आला. हे काकांबरोबर गेले. भोईवाड्यात काय झालं ते यांनीच मला नंतर सांगितलं, आणि पुढं आयुष्यभर सांगत राहिले.

माय दारात बसून जाळं विणत होती. काका पावसातच उभे राहिले. म्हणाले, "माय, एक मरळ दे. एकच. बाळंतिणीला पाहिजे. लेकरू जाईल नाहीतर."

माय म्हणाली, "नाही, साब."

काकांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. "अगो, मी सांगतोय. मीच बंद केलं ना? मीच सांगतो, एक काढ."

"तुमी बंद केलं म्हणून आमी थोडे थांबलो? आमी तापीले वचन देलं. ते तुमच्याच्यानं कसं सुटंन?"

"लेकरू आहे गो ते."

"तिच्या पोटात बी लेकरंच हायेत. तुमीच सांगलं." माय जाळं बाजूला ठेवून उठली. "आज तुमच्यासाठी एक काढला त उद्या माह्याच पोराले मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? मासा नाही देत, साब."

तेव्हा यांच्या मनात मायबद्दल असा संताप आला की तो आयुष्यात पुन्हा कधी कुणाबद्दल आला नाही. पण माय आत वळली होती. तिनं सुनेला हाक मारली.

"चाल वं. तुह्या पोराले घे अंगावर, अन् चाल. सिंधीपुऱ्यात जायचं हाय."

मला एवढंच आठवतं, की दार उघडलं आणि पावसानं निथळणारी एक बाई आत आली, पदराखाली स्वतःचं मूल घेऊन. मागं माय. आमच्या काकू दारात उभ्या होत्या. बाळंतिणीच्या खोलीत, त्यांच्या घरात, भोयाची सून. काकूंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कोरडं लुगडं तिच्या हातात दिलं. सून माझ्या खाटेशी भिंतीला टेकून बसली, आपला मुलगा मायकडे दिला, आणि माझी पोरगी उचलून छातीशी घेतली. मला हात पुढं करायचीही ताकद नव्हती. पोरगीचं तोंड आधी नुसतं हललं. मग घशातून घुटका गेल्याचा आवाज आला. पुन्हा एक. मी त्या बाईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. या जन्मात मला आई परत मिळाली असेल तर ती त्या खोलीत, एकदम तीन बायांच्या रूपानं मिळाली.

दार लोटलेलं होतं. बाहेरून काकांचा आवाज आला.

"पितेय का गो?"

"पितेय, काका," मी म्हटलं.

मग बाहेरून हुंदका ऐकू आला, आणि काकू धावत बाहेर गेल्या. "अहो, काय झालं? पितेय म्हणते ना ती?"

"माय मला 'नाही' म्हणाली," काका म्हणाले. ते हसत होते की रडत होते, ते मला आतून कळेना. "ऐकलंस का? 'होय साहेब' नव्हे. तोंडावर नाही म्हणाली मला."

"मग त्यात रडायचं काय?" काकू म्हणाल्या.

आत भोयाच्या सुनेनं माझ्या लेकीला दुसऱ्या अंगाला घेतलं.